आडवा निजलेला जिल्हा

"उगवतीकडची बरणी दे," असं आत्या चुलीपुढून म्हणायची आणि माझा हात फळीसमोर हवेतच थांबायचा. फळीवर दोन बरण्या होत्या. एकीत आमटीला लावायचं येसराचं पीठ, दुसरीत जवसाची चटणी. उगवतीकडची कोणती, हे मला तिथं राहिले तेवढ्या दिवसांत एकदाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. मी आपली अंदाजानं एक उचलायची. आत्या झाकण काढून वास घ्यायची आणि म्हणायची, "भूगोलाची मास्तरीण म्हणं." भोकरदनात सगळेच असं बोलायचे. दूधवाला मावळतीच्या दारानं यायचा, शेजारीण जरा दक्षिणेला सरकून बसायची, आणि दात काढणारा डॉक्टरसुद्धा पेशंटला उगवतीकडं मान करायला सांगायचा. मी बी.ए., बी.एड., विषय भूगोल. नाईल कुठून निघून कुठं मिळते हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. पण माझी उत्तर दिशा म्हणजे कागदाची वरची कड. कागद हातात असला की उत्तर असायची, कागद खाली ठेवला की संपली. जालन्याला सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मी; तिथं डावीकडं आणि उजवीकडं एवढ्या दोन दिशांवर आमचं सगळं भागत होतं.

माझी पहिली नोकरी होती ती. भोकरदनला अंध मुलामुलींची निवासी शाळा निघाली होती आणि तिथं इतिहास-भूगोलाला कुणी टिकत नव्हतं. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, माझे वडील नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होते, आणि त्यांची बहीण भोकरदनला दिलेली होती, म्हणून मला एकटीला पाठवायला घर तयार झालं. आत्याच्या तीन खोल्या बाजाराच्या मागं होत्या. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग आत्याच्या भाकरी थापण्याचा, मग मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, गुळण्यांचा, आणि या सगळ्यावर मामांचा रेडिओ, जो ते स्वतः झोपले तरी चालू असायचा. आत्या थंडीत धपाटे करायची, त्यावर लोण्याचा गोळा ठेवायची आणि तो वितळायच्या आत खा म्हणून मागं लागायची. त्या हिवाळ्यात मी इतकं खाल्लं की सगळ्या पोलक्यांच्या शिलाया उसवाव्या लागल्या. तरी मी शाळेत चालत म्हणून कधी गेले नाही. स्वतःची छत्री, स्वतःचं घड्याळ, मला "बाई" म्हणणारी मुलं, या आनंदात मी बाजारातून अक्षरशः पळत सुटायची. आता गुडघे दुखतात तेव्हा मला ते पळणं आठवतं आणि गुडघ्यांचाच हेवा वाटतो.

अंध मुलांची शाळा म्हणजे शांत जागा, असं लोकांना उगीच वाटतं. आमची शाळा एका बंद पडलेल्या तेलघाण्यात होती, भिंती उंच, आणि वीस-बावीस मुलं. प्रत्येक जण वळणावर टाळी वाजवायचा, भिंत किती लांब आहे ते ऐकायला. जेवायला निघाले की टाळ्या, ताटं, चपला, काठ्या, आणि सगळ्यांचं एकदम बोलणं. मुख्याध्यापक मोरे सर स्वतः जन्मापासून अंध होते. इस्त्रीचा शर्ट, झपाझप चाल, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, जो ते मुद्दाम वाजवत यायचे. "पोरांना सुधारायला टाइम भेटला पाहिजे ना, बाई," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं.

भूगोलाबद्दलही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. परीक्षेत नकाशाचा प्रश्न आपल्या मुलांना माफ असतो, तेव्हा पिकं, खनिजं, कारखाने पाठ करून घ्या. मी तसंच सुरू केलं. मी सांगायची आणि मुलं ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं टकटक टोचत बसायची. महिनाभरात त्यांना ताग कुठं होतो ते पाठ झालं. मग एक दिवस नामदेव नावाचा मुलगा, जो नेहमी काहीतरी चघळत असायचा, त्यानं विचारलं, "बाई, जालना मोठं हाय का गोदावरी?" वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते जाणून घ्यायचं होतं. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही, आणि मला जेवण न जाणं ही त्या घरात बातमी होती.

माफ असलेला नकाशा शिकवायचा, असं मी ठरवलं. भिंतीवरच्या नकाशात आमचा जिल्हाच नव्हता, इतका तो नवा होता. वडिलांनी कचेरीतून निळ्या शाईत एक नक्कल काढून साडीच्या घडीत घालून पाठवली. शाळेच्या पुढं मोठं सारवलेलं अंगण होतं. मी नक्कल हातात घेऊन पायरीवर उभी राहिले आणि समोर जिल्हा मांडून घेतला. हद्दीला कौलाचे तुकडे उभे रोवले. नद्यांना बोटभर खोल चर खणून त्यात वाळू भरली, म्हणजे अनवाणी पायाला नदी कळावी. वरच्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगरासाठी मुरमाचे ढीग. जालन्याला पालथा रांजण, तालुक्यांना पालथी गाडगी, ही सगळी आत्याच्या घरची. तेव्हा तालुके पाचच होते. आता आठ झालेत, आत्याची गाडगी पुरली नसती. गावांना दगड. नकलेच्या वरच्या कडेला भोकरदन, ते माझ्यापासून सगळ्यात लांब, थेट फाटकापाशी गेलं. खालच्या कडेला गोदावरी, ती माझ्या पायाशी, पायरीला लागून आली. अगदी कागदावर होतं तसं. तीन दिवस मी माखलेले हात घेऊन घरी जात होते आणि आत्या विचारत होती, "जिल्हा झाला का लिंपून?"

त्यानंतर आमचा भूगोल रोज सकाळी पहिल्या तासाला अंगणात, कारण थंडी होती आणि उन्हात बरं वाटायचं. मुलं चालत भोकरदनहून जालन्याला जायची. फाटकाकडून निघायचं, ऊन पाठीवर घ्यायचं, चौदा पावलं, की रांजण. काय आनंद झाला होता त्यांना. नामदेव दिवसातून चार वेळा गोदावरीत उभा राहायचा. कुणी कुणाला शोधत असेल तर उत्तर यायचं, "तो अंबडला बसलाय." स्वयंपाकाच्या बाईंनी एकदा पूर्णा नदीत ताक सांडलं तर मुलांनी पूर आला म्हणून आरडाओरडा केला. मोरे सर स्वतः सगळा जिल्हा दोन वेळा चालून आले, रांजणावर हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षं ह्या देशात राहून राह्यलो, पण देश आज लागला हाताला."

या सगळ्यात गिरजा वेगळी होती. तेरा वर्षांची, किडकिडीत, परतूरकडची, आष्टीजवळच्या एका वाडीतली. ती पावलं मोजायची नाही. ती सावकाश चालायची, मधेच थांबायची आणि गाल जरा वर करायची. नकाशा तिला दोन दिवसांत पाठ झाला आणि मग ती इतरांच्या चुका काढायला लागली. तिला दहावी व्हायचं होतं. हे ती कुणाला सांगायची नाही, मला एकदा दुधना नदीत बसून सांगितलं. पण तिच्या वडिलांचा, सोपानरावांचा, तिला शाळेतून काढून न्यायचा विचार पक्का झाला होता. दिवाळीत ते मला भेटले होते. डोक्याला पटका, मऊ बोलणं, आणि मुलीचा हात पूर्ण वेळ हातात धरलेला. "बाई, पोरगी इथं भजनं शिकली, खुर्च्या इणायला शिकली. ते घरी बी होईल. तिला सोडून गेल्तो तवापासून माझं जेवणात ध्यान न्हाई. डोळ्यासमोर ऱ्हायली म्हन्जे बराबर." संक्रांतीला येऊन घेऊन जातो म्हणाले. मी त्यांना म्हटलं, संक्रांतीला याच, गिरजा तुम्हाला काहीतरी दाखवणार आहे, ते बघा आणि मग ठरवा. ते हो म्हणाले. गिरजानं त्यांना सगळा जिल्हा चालून दाखवायचा, भोकरदनपासून त्यांच्या वाडीपर्यंत, एकदाही न चुकता, असं आमचं ठरलं. आम्ही दोघी त्या एका दिवसासाठी जगत होतो म्हटलं तरी चालेल.

संक्रांतीला आठवडा राहिला तेव्हा मला अवदसा आठवली. अंगणातलं जालना झालं, आता खरं दाखवू, असं म्हणून मी सरांची परवानगी काढली आणि आठ मुलं घेऊन सकाळच्या एस.टी.त बसले. गिरजा डाव्या खिडकीशी. गाडी गावाबाहेर पडली, मुलं गाणी म्हणायला लागली, आणि दहा मिनिटांत गिरजानं माझा पदर ओढला.

"बाई, ही गाडी जालन्याला चालली न्हाई."

मी हसले. म्हटलं, जालन्याचीच आहे.

"न्हाई. ऊन डाव्या गालावर लागून राह्यलं. जालन्याला जाताना पाठीवर लागतं. डाव्या गालावर म्हन्जे जाफ्राबाद."

ही बातमी आठही जणांत पसरायला वेळ लागला नाही. नामदेवनं खिडकीतून हात बाहेर काढून ऊन तपासलं आणि जाहीर केलं की जाफ्राबादच. मग सगळे एकदम ओरडायला लागले, गाडी थांबवा, चुकली. मागच्या बाकावरची एक म्हातारी बोचकं उचलून दाराकडं निघाली. कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत आला. "अरे बाबांनो, पाटी वाचा की. जालना लिव्हलंय."

"पाटी आम्हाला कुठं दिसती," नामदेव म्हणाला. "तुम्हीच जाऊन बघा बराबर लावली का."

आणि त्या भल्या माणसानं खरंच ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि उतरून पाटी पाहून आला. तोवर अर्ध्या गाडीचा विश्वास उडाला होता. कुणी म्हणे आज रस्ता बदलला असेल, कुणी म्हणे मी म्हणतच होतो. शेवटी पुढच्या बाकावरचे एक शेतकरी बाबा मागं वळले. त्यांनी गिरजाचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, "बाई, तुमच्या शाळेत उगवती कोन्या अंगाला?"

माझी बरणीच्या फळीसमोर व्हायची तीच गत झाली. गिरजानं माझ्याऐवजी उत्तर दिलं. "फाटकाकडं. सकाळी ऊन तिकडूनच येतं."

"आन् तुमच्या नकाशात फाटकाकडं कोण?"

"भोकरदन."

"आन् जालना?"

"फाटकाकडून पायरीकडं यायचं."

बाबा इतके हसले की त्यांचा पटका सैल झाला. "म्हन्जे उत्तर नेऊन उगवतीला ठिवली. जिल्हा आडवा निजवला की वो बाई तुम्ही." मग ते उठून उभे राहिले आणि चालत्या गाडीत माझे दोन्ही खांदे धरून मला वळवलं. "हे बघा, ही उगवती. हा डावा हात लांब केला का, ती उत्तर. जल्दी इसरू नका." सगळी गाडी बघत होती. बावीस वर्षांची, भूगोलाची पदवीधर मी, राजूरच्या रस्त्यावर एस.टी.त उभी राहून डावा हात लांब करून पहिल्यांदा उत्तर दिशेकडं बघितलं. तिकडं हरभऱ्याची शेतं होती.

जालन्यात आम्ही काय पाहिलं ते मला फारसं आठवत नाही. जिलबी खाल्ल्याचं आठवतं. परतीच्या प्रवासात मी गिरजाला हळूच म्हटलं, संक्रांत होऊ दे, तुझे वडील येऊन जाऊ देत, मग नकाशा बदलू. तुला हा पाठ आहे, घाईत बदलला तर चुकशील. माझा स्वार्थ होता यात, लाजही होती, आणि भीती तर होतीच. 

"दादांना उगवती कळती, बाई," ती म्हणाली. "ते एका मिनिटात पकडतील. मंग म्हणतील, चुकीचं शिकायला ठिवली का."

मोरे सरांपुढं मी सगळं कबूल केलं तेव्हा त्यांनी कमरेच्या किल्ल्या वाजवल्या. "मला वाटलं होतं कायतरी," ते म्हणाले. "पण मी तुमच्या बी.एड.वर भरवसा ठिवला." आणि मग त्यांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला एकच काम, जिल्हा उठवून सरळ करायचा. पण कसा? मी नक्कल घेऊन बसले, इकडची गावं तिकडं मोजायला लागले आणि तासाभरात मला धड जालनाही सापडेना. आत्याही आली होती, कमरेला पदर खोचून, आपली गाडगी फुटतात का ते बघायला. तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, "वैजू, तू उठ तिथून. पोरीला करू दे."

गिरजाची युक्ती साधी होती. रांजण जागचा हलवायचा नाही. जालना आहे तिथंच ठेवायचं. रांजणाच्या गळ्याला दोऱ्या बांधायच्या, प्रत्येक दोरी एका गाडग्यापर्यंत ताणायची, गाठ मारायची. एकेका मुलानं एकेक गाव उचलायचं, दोरी ताणलेली ठेवायची, आणि सगळ्यांनी एकदम, सारख्याच पावलांनी, गोल चालायचं. चौथाई फेरी झाली की थांबायचं. किती चाललो ते ऊन सांगेल. मोरे सरांनी टाळी वाजवून ठेका धरला. भोकरदन फाटकापासून निघालं ते हौदाच्या भिंतीकडं. अंबड पायरीवरून उठलं ते स्वयंपाकघराकडं. जाफ्राबाद नामदेवकडं होतं आणि तो मधेच थांबून खायला लागला, त्यामुळं त्याच्या मागची गावं एकावर एक आदळली. दोऱ्यांत पाय अडकले, मुली खिदळल्या, आत्या ओरडली, "माझं परतूर सांभाळा," सर म्हणाले, "पुन्हा," आणि जिल्हा पुन्हा चालायला लागला. मी मधे रांजणाला मिठी मारून बसले होते, तो कलू नये म्हणून, आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आयुष्यात नंतर मला मान मिळाले, सत्कार झाले, पण इतका आनंद पुन्हा झाला नाही.

नेमकं तेव्हा फाटक वाजलं. सोपानराव उभे. गावातल्या कुणाची तरी गाडी बाजारला येत होती म्हणून ते चार दिवस आधीच आले होते. खांद्यावर हुरड्याच्या कणसांचं पोतं, हातात गिरजाची वळकटी बांधायला आणलेली दोरी. त्यांच्यासमोर सगळं अंगण उकरलेलं, नद्या बुजलेल्या, डोंगर पसरलेले, आणि त्यांची मुलगी गुडघ्यापर्यंत मातीनं माखून, गाडगं छातीशी धरून, चालत त्यांच्याच दिशेनं येत होती.

"गिरजे, हे काय करून राह्यली?"

"परतूर नेऊन राह्यले, दादा. जरा बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. पण चेहरा उतरला होता. मी धावत पुढं गेले, नमस्कार केला आणि काहीबाही सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बाई, राग नगा मानू. पण माती कालवायला पोरगी इथं ठिवायची तर माती घरी लै हाय. आवरा म्हणा तिला, दुपारची गाडी हाय." माझ्याकडं दाखवायला काहीच उरलं नव्हतं. जो नकाशा तिला पाठ होता तो आम्ही मोडला होता, आणि नवा अजून झाला नव्हता. मला रडू यायला लागलं आणि मी ते लपवलंही नाही.

गिरजानं गाडगं खाली ठेवलं, हातानं ऊन चाचपल्यासारखं केलं आणि ते वीतभर सरकवलं. मग एक दगड उचलला. "दादा, हे परतूर. आता आपली वाडी मांडते. चुकलं तर सांगा." ती तीन पावलं चालली, थांबली, दगड ठेवला.

सोपानराव काही बोलणार नव्हते, पण शेतकऱ्याच्या डोळ्याला राहवलं नाही. "थोडं उगवतीला घे."

"किती?"

"चार बोटं."

तिनं दगड सरकवला. ते उकिडवे बसले. पोतं अजून खांद्यावरच होतं. "ओढा कोन्या अंगाला?"

"मावळतीला. आष्टीच्या अलीकडं फाट्यावर उतरलं का दुपारचं ऊन पाठीवर येतं, म्हन्जे आपण उगवतीला वळतो. मंग बैलगाडी खाली जाती, चाकाखाली गोटे वाजतेत, गार लागतं, तो ओढा. वर चढलं का ऊन उजव्या गालावर येतं, म्हन्जे दक्षिणेला वळलो. मंग चिंचंची सावली, तिथं तुम्ही बिडी इझवता. मंग इहीर. मंग आई."

अंगणात कुणी टाळी वाजवत नव्हतं, कुणी चघळत नव्हतं. सोपानरावांनी पोतं खाली ठेवलं.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तुमच्या गाडीत बसून आल्ते की."

"मंग बोलली न्हाईस कधी."

"तुम्ही इचारलं न्हाई कधी."

 सोपानराव उठले, पटका सोडून घट्ट बांधला आणि म्हणाले की ओढा असा बुजवून ठेवलेला चालायचा नाही, कुदळ कुठंय. दुपारची गाडी गेली तेव्हा ते गोदावरी खणत होते. सगळ्या नद्या त्यांनी पुन्हा काढल्या, आणि खऱ्या वळणांनी, कारण माझ्या नकलेत नसलेली वळणं त्यांच्या पायांना माहीत होती. संध्याकाळी पायरीपाशी, जिथं आधी माझी गोदावरी होती त्या खड्ड्यात, गोवऱ्यांची आगटी पेटवली आणि हुरडा भाजला. आत्यानं घरून जवसाची चटणी आणली. ऊन ऊन हुरडा तळहातावर चोळून सोपानराव एकेका मुलाच्या हातात देत होते आणि देताना विचारत होते, तुझं गाव कोणतं, आणि ते गाव कुठं आहे ते त्यांना प्रत्येक जण बोट करून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी निघताना गिरजा त्यांना फाटकापर्यंत पोहोचवायला गेली. वळकटीची दोरी त्यांच्या हातात गुंडाळलेली होती. मी दोन पावलं मागं होते. ते म्हणाले, "उन्हाळ्याची सुट्टी लागली का मी न्यायला येत न्हाई. तुझी तू ये."

 दोनदा गाडी बदलायची, फाट्यावर उतरायचं, ओढा ओलांडायचा. गिरजानं जरा विचार केला.

"येते. पण फाट्यावर येऊन उभे ऱ्हाऊ नका. घरीच थांबा."

"बरं," ते म्हणाले आणि भरभर निघून गेले.

मे महिन्यात ती गेली. मी कंडक्टरला चिठ्ठी देणार होते, मोरे सरांनी देऊ दिली नाही. विचारत जाईल, तोंड आहे ना तिला, म्हणाले. त्या दिवशी मी दोन्ही वेळा जेवले नाही, आणि आत्यानंही मला आग्रह केला नाही. आठ दिवसांनी कार्ड आलं, वाडीतल्या मास्तरांच्या अक्षरात. मी ते आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाईंना सोपानचा नमस्कार. गिरजा एकटी आली, वाट कुणाला विचारली नाही. आल्यावर मी तिला सांगितलं की घरीच होतो. पण तुम्हाला खरं लिहितो, राहवलं नाही, फाट्यावर गेलो होतो. तिनं बघू नये म्हणून लिंबाच्या झाडामागं लपून उभा होतो आणि ती पुढं गेली की मागून मागून आलो. पोरीला सांगू नये.

आत्या भाकरी थापायची थांबली. "अगं, पण झाडामागं कशाला लपला तो? तिला कुठं दिसणार होतं?"

मी कार्ड पुन्हा वाचलं.

"त्यांच्या ध्यानातच राहिलं नसेल," मी म्हटलं.